साडेपाचचा प्लग

स्टेडियमला एका बाजूने बसायच्या एकोणीस पायऱ्या आहेत. मी वरून खाली झाडत येते. कंत्राटदाराकडे लागून सहा वर्षं झाली. पूर्वी मॅचचा दिवस सोडला तर पायऱ्यांवर फारसं काही नसायचं. आंब्याची पानं, एखादी बाटली, कुत्र्याने केलेली घाण. साडेपाचला सुरू केलं की सहाच्या आत झाडू खोलीत ठेवून मी एसटी स्टँडवर जायची, आणि सव्वासहाची गाडी मिळायची.

ती गाडी मिळणं माझ्यासाठी फार गरजेचं. पालीच्या पुढे फाट्यावर उतरून आत वीस मिनिटं चाललं की आमचं घर. घरी सासूबाई एकट्या. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. शेजारची चुलत जाऊ साडेसातपर्यंत त्यांच्याजवळ बसते, मग तिला तिच्या घरचं जेवण बघावं लागतं. ती गेली की सासूबाई चाचपडत चुलीकडे सरकतात. एकदा पदर जळला होता. पुढची गाडी पावणेआठची. ती मिळाली तर घरी पोचायला नऊ वाजायला येतात.

मग स्टेडियममध्ये फुकट नेट आलं. प्रेक्षकांना मॅच बघताना मोबाईलवर सगळं बघता यावं म्हणून. आलेल्या पाहुण्यांनी फीत कापली, मी पेढ्याचे रिकामे खोके उचलले. मॅचच्या दिवशी मात्र एवढी माणसं एकदम त्याला चिकटायची की कोणालाच ते लागायचं नाही. सगळे मोबाईल वर धरून बसायचे. नेट चांगलं चालायचं ते मॅच नसेल तेव्हा. हे गावाला कळायला एक आठवडासुद्धा लागला नाही.

मग रोज दुपारनंतर पायऱ्या भरायला लागल्या. कॉलेजातली पोरं, नोकरीचे फॉर्म भरणाऱ्या मुली, पेन्शनीत निघालेले म्हातारे, बाजाराच्या पिशव्या घेऊन बसलेल्या बायका. मैदान रिकामं, आणि सगळे मैदानाकडे तोंड करून मान खाली घालून बसलेले. मी झाडत आले की कोणी पाय उचलायचे, कोणी नाही. शेंगांची टरफलं, वेफरच्या पिशव्या, चहाचे कप. झाडून पुढे गेले की मागे परत तेवढंच. सहाला अर्धं काम व्हायचं. सव्वासहाची गाडी जायची.

"उठा म्हणून सांग की त्यांना," गेटावरची शेंगावाली म्हणायची. वयाने माझ्यापेक्षा मोठी, आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "तुझ्या जिभेला गंज लागला काय गो? सरकार पगार देतंय ना तुला झाडायचा?"

मी म्हणायची, "सांगते उद्या."

"तू सांगतेस. माझी टरफलं बोलतील तुझ्याआधी."

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. लहानपणापासून असंच. चौथीनंतर शाळा सुटली ती घरच्यांनी सोडवली, पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं, गुरुजी उभं करून विचारायचे म्हणून.

नवरा मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. गावाच्या खोलीत गावचेच बारा-तेरा जण राहतात, तिथे राहतो. मी उशिरा यायला लागल्यावर जावेने त्यांना फोन केला. तिची काही चूक नाही, तिलाही घर आहे. पण ती जे बोलली ते असं बोलली, "तुझी बायको रोज अंधार करून येते. आमी काय विचारायचं नाय, तू विचार."

त्यांनी विचारलं.

"आज मॅच होती?"

"नव्हती."

"मग रिकाम्या स्टेडियममध्ये कसला कचरा असतो?"

"माणसं असतात."

"कोण माणसं?"

काय सांगायचं? माणसं नेटवर असतात, आणि मी त्यांना उठा म्हणत नाही. हे फोनवर नीट सांगता येईना. ते म्हणाले, "बरं, ठेव." त्यानंतर ते रोज पावणेआठच्या सुमाराला फोन करायला लागले. मी गाडीच्या आवाजात उचलला तर गप्प ऐकायचे, स्टँडवरून उचलला तर म्हणायचे, "अजून तिथेच?"

नेटचा डबा झाडूच्या खोलीतच होता, पायऱ्यांखाली. एक दिवस एवढंसं तोंड करून मी झाडू घ्यायला गेले आणि भिंतीवरच्या प्लगमधून डब्याची वायर ओढून काढली. डब्यावरचे हिरवे दिवे गेले. बाहेर आले तर माणसं मोबाईल हलवत होती. दहा मिनिटांत पायऱ्या मोकळ्या. मी खाली उतरेपर्यंत स्टेडियमात मी आणि कुत्री. सव्वासहाची गाडी मिळाली. खिडकीजवळ बसले. सासूबाई म्हणाल्या, "आज दिवेलागणीला आलीस?" त्यांना कसं कळलं कोण जाणे.

मग रोज साडेपाचला मी प्लग काढायची आणि जाताना परत लावायची. मॅनेजरसाहेबांनी कंपनीचा माणूस दोनदा बोलावला. त्याने वायर बदलली. शेंगावाली एकदा पुडी बांधता बांधता म्हणाली, "साडेपाचाला नेट जातं, आणि साडेपाचालाच तू खोलीत जातेस. मी काय शाळा शिकले नाय, पण घड्याळ कळतं मला." आणि हसली. कोणाला बोलली मात्र नाही.

कबड्डीची फायनल होती तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातला संघ पोचला होता. मॅच आमच्याच स्टेडियमवर होती, आणि नेटवरून मुंबईला मोबाईलवर दिसणार होती. पंचांच्या टेबलाजवळ कॅमेरा लावून त्याची वायर थेट डब्यापर्यंत आणली होती. नवऱ्याने आदल्या दिवशी सांगितलं, सगळी खोली बघणार आहे. मग थांबून म्हणाले, "तू पण दिसशील काय कुठे?"

"मी पायऱ्या झाडते. दिसेन कदाचित."

मला बरं वाटलं. ती माणसं, त्यांचे पाय, तो कचरा, सगळं ते बघतील. मला काही सांगावं लागणार नाही.

मॅच साडेचारला संपणार होती. पण भाषणं लांबली. मॅच पावणेपाचला सुरू झाली, म्हणून साडेपाच वाजले तरी चालूच. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. माझं अंग दुखत होतं, आदल्या रात्री सासूबाईंना ताप होता. मी खोलीत गेले, झाडू घेतला, आणि घरी दिवा बंद करावा तसा सवयीने प्लग काढला. बाहेर टेबलाजवळून कोणीतरी ओरडलं, "लाईव्ह गेलं, लाईव्ह गेलं." तेव्हा मला कळलं मी काय केलंय.

लगेच लावला. पण त्या डब्याचे दिवे एकेक करून लागतात. मी समोर उभी राहून बघत होते. एक लागला, दुसरा लागला. बाहेर शिट्ट्या झाल्या, ढोल वाजला. आमचा संघ जिंकला होता. चौथा दिवा त्यानंतर लागला.

संध्याकाळी फोन आला. "शेवटची चढाई दिसलीच नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आता माझी बायको झाडू घेऊन येईल बघा. तेवढ्यात गोल गोल फिरायला लागलं ते."

मी म्हटलं, "नेट गेलं होतं."

"ते कळलं. तू होतीस ना तिथे?"

"होते."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वॉचमनला गेटावर उभं करून झापलं. तो मोबाईल चार्ज करायला खोलीतला प्लग काढतो असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणाले, सगळ्या तालुक्यात नाचक्की झाली, ते नेट काढूनच टाकतो. वॉचमन नुसता टोपी हातात घेऊन उभा. त्याचा मोबाईल बटणांचा, चार दिवस चार्ज न करता चालतो. त्यालाही बोलता येईना. त्याच्याकडे बघून मला माझ्यासारखंच वाटलं, आणि त्याचाच राग आला.

मी म्हटलं, "साहेब, प्लग मी काढते."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून.

"रोज साडेपाचला. माणसं उठत नाहीत. माझी गाडी जाते. घरी सासूबाई आंधळ्या आहेत." मी हातातला झाडू गेटाला टेकवला. "काल चुकून काढला. मॅच असेल तेव्हा असू दे नेट. एरवी साडेपाचला बंद करा."

"अहो, मग सांगायचं नाही का?" साहेब म्हणाले. "दोनदा वायर बदलली मी."

शेंगावाली मागून म्हणाली, "ती सहा वर्षांनी बोलली, साहेब. ऐकून घ्या, परत बोलायची नाय."

कामावरून काढलं नाही. खोलीत भिंतीवर एक पेटी बसवली, डबा तिच्यात, किल्ली साहेबांकडे. साडेपाचला ते स्वतः बंद करतात. विसरतात पुष्कळदा. विसरले की मी पायऱ्यांवर पायांमधून झाडत बसते. आता एवढं म्हणते, "जरा पाय." तेवढंच येतं.

महिन्याभराने परत मॅच झाली. मी टेबलाच्या बाजूने दोनदा गेले. मुद्दाम गेले नाही असं मी म्हणणार नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. मॅच संपायला सात वाजले. पावणेआठच्या गाडीसाठी स्टँडवर बसले असताना फोन आला.

"दिसलीस," ते म्हणाले. मागे खोलीतल्यांचा आवाज होता. "किती माणसं गो. पाय पण उचलत नाहीत."

"नाही उचलत."

"रोज असंच?"

"साहेब विसरले की."

मग म्हणाले, "वहिनीला मी फोन केला. आज आईजवळ बसेल ती." आणि मग, "डावा पाय ओढतेस तू चालताना. कधीपासून?"

"कुठे? चप्पल सैल आहे."

"बरं," ते म्हणाले.

गाडी लागली. मी उठून पायरीवर उजवा पाय ठेवला, मग डावा वर घेतला. हाताने दांडी धरून घ्यावा लागला. किती दिवस तसाच घेत होते कोण जाणे.