भागीची भूक

भिकुबाई एरंडोलला तोतारामच्या घरात दुसरेपणावर आली, तेव्हा पहिलीची मुलगी भागी लगेच तिच्या पदराला चिकटली. लोकांना मात्र सावत्रपणा बघायची घाई झाली होती. १९२१ साली त्यांना तो बघायला मिळाला, निदान त्यांना तसं वाटलं.

त्या साली भागीला दहावं लागलं आणि विलक्षण भूक सुटली. घरादाराच्या भाकरी ती एकटी खायची, माठ रिकामा करायची, तरी हाडं वर येत चालली. मोरीत तिच्या लघवीला मुंग्या लागायच्या. बायका म्हणाल्या, भस्म्या झालाय, तूप घाला. भिकुबाईनं तूप घातलं. पोर आणखीच वाळली. शेवटी नवऱ्यामागे लकडा लावून तिनं पोरीला धुळ्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. पोटातल्या एका ग्रंथीचा रस आटला आहे. त्याच्याशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर होऊन लघवीवाटे जातं. अंग उपाशीच राहतं, म्हणून मेंदू 'खा, खा' म्हणतो.

"भूक खरी आहे, बाई, पण तिचं ऐकलंत तर पोर जाईल. भाकरी, भात, गूळ बंद. उकडलेला पाला आणि ताक, तेही बेतानं. औषध अजून निघालेलं नाही. निघेपर्यंत जगवायची."

निघेपर्यंत जगवायची, एवढं भिकुबाईनं घट्ट धरलं. भाकरीची टोपली ती कुलपात ठेवू लागली. भागी दाराला डोकं लावून रडायची, "माय, माले भूक लागनी वं, एक घास दे ना." भिकुबाईचा जीव तुटायचा, पण ती द्यायची नाही. पोरीसमोर चावणं जमेना म्हणून तिनं स्वतःही भाकरी सोडली. ते कुणाला दिसलं नाही. पोर पाणी कमी प्यायला लागली, हसायला लागली, तेही कुणाला दिसलं नाही.

गल्लीला फक्त कुलूप दिसलं. दुसऱ्याच्या टोपलीत डोकावायला गल्लीला कधी आमंत्रण लागत नाही. शेजारची सुंदरबाई ओट्यावरून ओरडायची, "सावत्र शे ना! पोरले उपाशी मारी राहिनी." तोताराम आधी बायकोच्या बाजूनं होता, पण हळूहळू तोही लोकांच्या तोंडाला भिऊ लागला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. घरोघरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. सणाच्या झोक्यापाशी भागी चक्कर येऊन पडली आणि बायकांनी तिला उचलून भिकुबाईच्या दारात आणलं.

"आते तरी खावाले दे, वैरीण!" सुंदरबाई म्हणाली.

तोतारामनं मान खाली घातली. "दे वं. सणना दिन शे."

भिकुबाई दमली होती. रोज उठून वाईट ठरायचं, आणि खरं कुणी ऐकायचं नाही. किती दिवस माणूस टिकणार? तिनं सगळ्यांदेखत ताट वाढलं. भागी पोळ्या खात सुटली, रसाच्या वाट्या रिचवत राहिली, मध्येच वर बघून हसली. इतकं सुख भिकुबाईनं तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. मग धाप लागली, पोर हाकेला ओ देईना, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

तिला पोहोचवून माणसं परतली. सुंदरबाईनं भिकुबाईला जवळ ओढलं. "रडू नको वं. पोर भरल्या पोटे गई. शेवटले तू तिनी आई व्हयनी."

भिकुबाईला ओरडून सांगावंसं वाटलं, मी तिला उपाशी ठेवत होते तेव्हाच आई होते, काल मी तिला मारलं. पण गल्लीनं तिला आई म्हणायची ही पहिलीच वेळ होती. सुंदरबाईच्याच खांद्यावर डोकं ठेवून ती रडली.