सैल चापाची बंदूक

लांडग्यानं दोन-चार मेंढरं नेली तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी परवाना काढला आणि सोलापुरातून ठासणीची बंदूक आणली. होती त्यात सगळ्यात स्वस्त. चाप असा लुळा, की बोट लागलं तरी हलायचा.

माझे मालक म्हणाले, "दादा, ह्यो चाप सैल हाय. परत करा की."

"सैल हाय म्हणून तर बोट दुखत न्हाय," दीर हसले. गावातले चार रिकामटेकडे त्यांच्याबरोबर हसले.

एका संध्याकाळी मालक मेंढरांच्या जाळीची मेख ठोकत होते. मी कोकरं आत हाकत होते. दीर भरलेली बंदूक खांद्यावर टाकून, घोडा ओढलेलाच ठेवून बांधावरनं खाली उडी मारून आले. चापाला कुणी हात लावला नव्हता. नुसत्या हिसक्यानं बार उडाला. मेख धरलेला मालकांचा डावा हात छऱ्यांनी फाटला. मी माझ्या लुगड्याचा पदर फाडून बांधला. दीर तेवढ्यात बंदुकीला माती लागली का ते बघत होते.

सोलापूरच्या इस्पितळात दोन बोटं कापावी लागली. परतताना मालक मला घेऊन बंदूक घेतली होती त्या दुकानात गेले. दुकानदारानं पान चघळत बांधलेला हात पाहिला.

"स्वस्तातल्या बंदुकीचा चाप असाच असतो."

"मग इकता कशाला?" मी विचारलं.

"लोक मागतात."

त्यानं भिंतीवरची दुसरी काढून गिऱ्हाइकाच्या हातात दिली. तिचाही चाप खुळखुळत होता. "हात हलका हाय हिचा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि पिंक टाकली.

मी त्या गिऱ्हाइकाला मालकांचा हात दाखवला. तो ओशाळला, पण बंदूक घेऊनच गेला.

घरी दीर ओट्यावर बसून सांगत होते, "त्यानंच हात मधी घातला." भाकरीचं पीठ मळता मळता मी ऐकत होते. संतापापेक्षा किळस जास्त होती, त्या माणसाला वाढायची किळस. दुसऱ्या दिवशी मी चूल वेगळी मांडली. सासूबाई रडल्या, गाव मला बोललं. मालक मात्र उजव्या हातानं चुलीला दगड लावू लागले.