बिनफेसाचं तोंड धुणं

माझ्या तोंडावर मळ नाही. कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या तोंडावरचा मळ काढायला आजवर माझ्या माहेरचं निम्मं असोदा गाव पुढे सरसावलं आहे. आई, काकू, शेजारच्या अक्का, लग्नात भेटलेली कुठलीतरी लांबची मावशी. प्रत्येकीने पदराचं टोक ओलं करून माझ्या गालावर कधी ना कधी जोर काढला. गाल तेवढ्यापुरता लाल व्हायचा आणि दुपारपर्यंत पुन्हा पांढरट पापुद्रे धरायचा. माझी कातडी कोरडी आहे, बस, एवढंच. पण एवढंच ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता.

माझं मी निभावलं असतं. पण भावाच्या मुलीचे गाल हुबेहूब माझ्यासारखे निघाले. ती सात वर्षांची आहे आणि तिच्याही गालांवर आता पदराची टोकं फिरायला लागली आहेत. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर केळीवाल्यांचं. केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो. वाळला की काळा डाग पडतो आणि कापड फाटेपर्यंत तो डाग सोबत करतो. आमच्याकडे शेतात घालायचे कपडे वेगळे, त्यांची बादली वेगळी आणि ते धुवायचा दगडही वेगळा. त्या दगडावर कपडे घासता घासता घरातल्या बायकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की घासल्याशिवाय काही निघत नाही. मग तो परकर असो, पातेलं असो नाहीतर पोरगी असो.

हिवाळ्यात मागच्या ओट्यावर बंब पेटायचा. आई मला दोन्ही गुडघ्यांत आवळून धरायची आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीला साबण लावून माझं तोंड घासायची. मी ओरडले की म्हणायची, "घासल्याबिगर मय निंघतो का?" आमच्या बोलीत मळाला मय म्हणतात. साबणाचा ढीगभर फेस यायचा, आईला समाधान वाटायचं, आणि शाळेत पोहोचेपर्यंत माझा चेहरा उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखा ताणलेला असायचा. हसलं की ओठाच्या कडेला चिरायचं. म्हणून मी प्रार्थनेला अगदी गंभीर उभी राहायचे. बाईंना वाटायचं, पोरगी फार भाविक आहे.

मोठी झाले, लग्न होऊन धुळ्याला आले आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागले. धुळे ते पिंपळनेर ही माझी नेहमीची फेरी. उन्हाळ्यात साक्रीकडच्या पवनचक्क्या गरागरा फिरायला लागल्या की पाहुणे प्रवासी खिडकीतून फोटो काढतात. मला तेव्हा फक्त येणारा वारा दिसतो. तो गरम वारा, त्यातली माती, डिझेलचा धूर, हे सगळं दिवसभर तोंडावर बसतं. घरी आले की मी आईने शिकवलं तेच करायचे. साबण, भरपूर फेस आणि खसाखसा. मग आरशात बघायचे तर नाकाच्या दोन्ही बाजूंना सोललेल्या बटाट्यासारखं तोंड. शेवटी एक दिवस तिकीट फाडताना घाम गालावर उतरला आणि असा काही झोंबला की मी एका आजोबांवर उगाचच खेकसले. त्या संध्याकाळी तडक कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी गाल बघितले आणि विचारलं, "काय लावता?"

मी अभिमानाने सांगितलं, "काही नाही. स्वच्छ घासून धुते."

"मळ कधीच निघून गेलाय हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता स्वतःला घासून काढताय."

मला रडू आलं नाही, राग आला. इतक्या वर्षांत हे एकानेही का सांगितलं नाही, असा राग. त्यांनी नीट समजावलं. कोरड्या कातडीत तेल मुळात कमी असतं. जितका जास्त फेस, तितकं उरलंसुरलं तेल धुऊन जातं. तोंड ताणलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही, तो कातडीचा आरडाओरडा असतो. फेस न येणारं, मलईसारखं, वास नसलेलं क्लिन्झर घ्या, कोमट पाण्याने धुवा, पुसताना टिपा, आणि तोंड ओलसर आहे तोवर वरून क्रीम लावा. निघताना मी त्यांना माझ्या भाचीचं विचारलं. त्या म्हणाल्या, तिलाही तेच, आणि तिला तर घासूच नका.

सांगणं सोपं होतं. बाजारात मात्र वेगळीच तऱ्हा. दुकानदाराने माझा उन्हाने रापलेला चेहरा पाहिला आणि न विचारता गोरेपणाच्या ट्यूबा काउंटरवर मांडायला सुरुवात केली. ताई, हे घ्या, आठ दिवसांत फरक. मी म्हटलं, "दादा, मी रंग बदलायला आले नाही. तोंड धुवायला आले." त्याने मग लिंबाचं काढलं. ते झोंबतं म्हटलं तर दाणेदार काढलं, आत अक्रोडाची पूड असलेलं. म्हणजे घोसाळ्याची जाळीच, फक्त इंग्रजी शिकलेली. मागे रांग लागली होती, एक बाई चुळबुळत होती. मी हलले नाही. दिवसभर लोक सुट्ट्या पैशांसाठी माझ्याशी भांडतात, मला रांगेची भीती कोण घालणार? प्रत्येक ट्यूबची मागची बाजू वाचली, झाकण उघडून वास घेतला आणि ज्यातून गुलाब दरवळला ते परत सरकवलं.

तरी पहिल्यांदा फसलेच. घेतलेलं एक मलईसारखं दिसायचं, पण पाणी लागताच फेसाळायचं. ते मी पायांना वापरून संपवलं. दुसऱ्याला वास नाही असं वर लिहिलेलं असूनही कसलासा गोडसर वास होता. कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं तर सकाळी तिथे पुरळ. तेही गेलं. घरात सगळे हसायला लागले होते, की ही तोंडासाठी स्थळं बघते आहे. बघत होतेच मी. माझंच तोंड, मी का नाही बघणार?

मग एक साधी पांढरी ट्यूब मिळाली. वर ना फूल, ना बाईचा फोटो. आत दाट सायीसारखं, बिनवासाचं काहीतरी. ओल्या गालांवर बोटांनी हळूच फिरवायचं आणि जुन्या सुती धोतराच्या ओल्या फडक्याने अलगद टिपून घ्यायचं. फडक्यावर पिंपळनेरच्या रस्त्याची माती उतरलेली दिसली तेव्हा मी दोनदा बघितलं. म्हणजे न घासता निघतं! आणि तोंड ताणलं नाही. कितीतरी वर्षांनी धुतल्यानंतर माझं तोंड मला दुखलं नाही. मोरीत उभी राहून मी मोठ्याने हसले आणि ओठ चिरला नाही.

सासूबाई दारातून बघत होत्या. त्या पक्क्या अहिराणी बोलणाऱ्या. "हाई काय लाई राहिनी वं?" त्यांनी विचारलं. "येले फेस नही, वास नही. मंग हाई कसाले शे?"

मी म्हटलं, "आई, फेसाला नाही, तोंडाला आहे." त्या पुटपुटत गेल्या. महिन्याभराने मात्र माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "तुनं बठ्ठं तोंड मऊ व्हयी गयं." बठ्ठं म्हणजे सगळं. त्यानंतर त्या ट्यूबबद्दल घरात कोणी बोललं नाही.

खरी लढाई असोद्याला होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि मांडे खातात. मीही गेले. ऐन उन्हाळा, गल्लीत कडुलिंबाला झोका बांधलेला, आणि घरात शिरते तोच मागच्या ओट्यावरून रडणं ऐकू आलं. आई बसलेली, भाची तिच्या गुडघ्यांत आवळलेली, आणि आईच्या हातात घोसाळ्याची जाळी. सणाला पोरगी उजळ दिसायला हवी ना!

मी चप्पलसुद्धा काढली नाही. जाळी आईच्या हातातून ओढली आणि भिंतीवरून पलीकडे उकिरड्यात भिरकावली.

आईने पोरीला गुडघ्यांतून सोडलं. मग म्हणाली, "तुले बी मी असंच घासलं. मेली का तू?"

"मेले नाही. सोलली गेले."

"म्हंजी मी काय वैरीण हाय का तुही?"

हा प्रश्न तिने दुखावून विचारला होता आणि तो मला लागला. वैरीण नव्हतीच ती. तिला पोरी स्वच्छ हव्या होत्या, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. पण माझ्या शेजारी ती पोर हुंदके देत उभी होती, दोन्ही गाल फुललेले, आणि मला त्या क्षणी आईची समजूत काढायची अजिबात इच्छा नव्हती. मी आईचे हात हातात घेतले. बोटांच्या पेरांत चिकाची काळी रेघ, जन्मभर घासूनही न गेलेली.

"हे निघालं का घासून?" मी विचारलं.

तिने हात ओढून घेतले.

"केळीत जाताना तू हाताला काय लावतेस?"

"तेल," ती नाइलाजाने म्हणाली.

"कशाला?"

तिच्याऐवजी दारात उभी असलेली माझी वहिनी, जी सासूपुढे सहसा तोंड उघडत नाही, हळूच म्हणाली, "चीक बसू नये म्हणून. मग घासावं लागत नही."

आमच्याकडे केळीत जाणारी प्रत्येक बाई हाताला शेंगदाण्याचं तेल चोळून जाते. चिकाशी तेलाने वागायचं हे आईला माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "हाताला तेल देतेस, मग पोरीच्या गालाचंच तेल का काढतेस? तिच्याकडे मुळात थोडंच आहे."

"हात येगया, तोंड येगयं," आई म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. हार मानणं आमच्या घराण्यात नाही. माझ्यात हे कुठून आलं, हे मी वेगळं शोधायची गरज नाही.

मी पोरीला ओट्यावर बसवलं. तिचं तोंड मी धुतलं नाही. तिच्या तळहातावर वाटाण्याएवढी मलई ठेवली आणि सांगितलं, तूच लाव, आणि दुखलं तर थांब. तिने भीत भीत एक बोट फिरवलं. मग दुसरं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, जळत नही!" तिला ते खरंच वाटेना. सात वर्षांच्या पोरीला तोंड धुणं म्हणजे जळणंच असतं असं वाटत होतं, आणि ते ऐकून माझा जीव तुटला. दोन दिवसांनी निघताना ट्यूब मी वहिनीकडे दिली नाही, आईकडेही नाही. पोरीच्याच दप्तरात ठेवली. म्हटलं, "तोंड तुझं आहे. कोणी घासायला आलं तर नाही म्हणायचं. आजी असली तरी."

"आजी रागावली तं?"

"रागावू दे. राग उतरतो. कातडी सोलली की लवकर भरत नाही."

पण गाडीत बसल्यावर धीर सुटला. सात वर्षांची पोर आणि माझी आई. कोण जिंकणार हे कोणीही सांगेल. शिवाय पुढे दिवाळी होती. दिवाळीची पहिली अंघोळ म्हणजे उटणं, आणि आईचं उटणं म्हणजे जाडं भरडं, घरी कुटलेलं, ज्यापुढे घोसाळ्याची जाळी मऊ वाटावी.

दिवाळीत आम्हाला सुट्टी नसते. सगळं जग घरी जातं, त्याला घरी सोडणारं कोणीतरी लागतं. पहिल्या अंघोळीच्या सकाळी पिंपळनेरची गाडी धुळ्याच्या स्टँडवर उभी होती, पिशव्या, फराळाचे डबे आणि माणसं कोंबून भरलेली. मी दारात उभी राहून वहिनीला फोन लावला. उचलला भाचीने.

"अंघोळ झाली?" मी विचारलं. मला पुढचं विचारवेना.

"झाली. आजीनं उटणं काढलं व्हतं. मी म्हटलं, हातापायाले लाव. तोंडाले नको. तोंड माहं हाय."

"मग?"

"आजी म्हणे, सणाचं लावा लागतं. मी म्हटलं, नही. मंग ती लय बोलली. मी तरी नही म्हटलं. मंग मी ट्यूब आणली अन माहं मी धुतलं."

तेवढ्यात फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि आई ओरडली, "ऐकलं का? तोंडाले हात लावू देत नही कार्टी! तुह्यावर गेली!"

"जाऊ दे की," मी म्हटलं. "चांगलीच गेली."

आईने फोन आपटला. मी डोळे पुसले, तेही टिपूनच, घासून नाही, आणि डबल बेल दिली.