विहीणबाईंची मोळी

माझ्या सासरी उंच म्हणून काय असेल तर ती कंपनीची चिमणी. डोलवीच्या पलीकडं, खाडीकाठी आमचं गाव. खाऱ्या जमिनीत झाड वाढणार कसं? तिवरं आहेत, पण ती फार तर डोक्याला लागतील एवढी. त्यामुळे मी माहेरच्या रानाचं कौतुक सुरू केलं की सासूबाई म्हणायच्या, "पुरे गो तुझं जंगल! झाडं काय आम्ही बघितली नाय?" मला असा राग यायचा! कारण खरंच बघितली नव्हती त्यांनी.

माझं माहेर हायवेवरच्या खांब गावापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. खाली भात, भात निघालं की वाल, आणि गावाच्या डोक्यावर देवाचं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही. कुऱ्हाडीचं सोडा, खाली पडलेली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजतं. आजूबाजूचे डोंगर बघता बघता बोडके झाले, आमचं रान तेवढं उभं राहिलं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायचा कशाला?

आमचं लग्न पेणला हॉलमध्ये झालं, म्हणून सासूबाई माझ्या गावी कधी आल्याच नव्हत्या. परवाच्या दिवाळीनंतर एकदाच्या तयार झाल्या. मला बाकी काही नको होतं. त्यांनी एकदा वर बघावं आणि चांगलं म्हणावं, बस्स.

एसटीनं खांबला उतरून रिक्षानं गाव गाठलं. माझे काका तिथल्या देवाची पूजा करतात, ते पुढं झाले. रानाच्या तोंडाशी चपला काढल्या आणि आत शिरलो. आत लगेच गारवा लागतो, बोलणं आपोआप हळू होतं. सातवीण, किंजळ, आणि एक बेहडा असा की आम्हा तिघांच्या कवेत मावला नसता. फांद्यांवरून गारंबीचे मांडीएवढे वेल खाली आलेले. सासूबाईंनी वर बघितलं. बघतच राहिल्या. डोक्यावरचा पदर घसरला तरी त्यांना पत्ता नाही. चांगलं म्हणायचं राहिलं, पण मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

मी आणि काका देवाच्या दगडापाशी नारळ ठेवायला पुढं गेलो. मागं वळून बघते तर सासूबाईंच्या काखेत ही मोळी!

"केवढं सरपण पडलंय गो! तुमच्या गावचे लोक झोपलेत काय?"

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? खाडीकडच्या बाईला लाकूड म्हणजे उधाणाच्या पाण्याबरोबर वाहत येतं तेवढंच. दिसलं की उचलायचं, नाहीतर दुसरी उचलते. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, पण हाताची सवय जाते थोडीच.

मी काकांकडं बघितलं. लाकडाच्या व्यापाऱ्याला शिव्या घालून वेशीबाहेर काढणारा हा माणूस, आता झाडाच्या बुंध्याकडं बघत उभा. मुलीकडच्यांनी विहिणीला शब्द बोलायचा नसतो. त्यातून ती पहिल्यांदा दारात आलेली. "दमला असाल विहीणबाई," एवढंच म्हणाले. मला कळलं, ते मोळी जाऊ देणार. आणि उद्या गावात कुणीही म्हणणार, पाहुणीनं नेली तर आम्ही का नको?

म्हणजे बोलायचं मलाच होतं. स्वयंपाकघरात मी उलट बोलत नाही असं नाही, पण माहेरच्या माणसांसमोर सासूला अडवायचं म्हणजे जिवावर आलं. त्या रुसून गेल्या असत्या तर पुन्हा या गावाचं नाव काढलं नसतं.

"आई, ठेवा ते. देवाचं हाय. इथली काटकी पण बाहेर न्यायची नसते."

"वाळलेली पण?"

"वाळलेली पण."

"मी नेली तरी?"

"तुम्ही नेली तरी."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण मी नजर खाली केली नाही. मग त्या वळल्या आणि आल्या वाटेनं मागं जात एकेक काटकी खाली ठेवायला लागल्या. "ही कुठली गो?" मी म्हटलं, कुठंही ठेवा. "कुठं पण कसं?" त्या माझ्यावरच खेकसल्या, आणि बेहड्याखाली वाकून जागा शोधत बसल्या.

परतताना एसटीतून उतरेपर्यंत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी समजले, संपलं. घरी पोचलो तर शेजारणी ओट्यावर टपूनच बसलेल्या. आतल्या गावाकडून आलेल्या माणसानं रिकाम्या हातानं यायची आमच्याकडं पद्धत नाही.

"काय आणलं गो सुनेच्या माहेरातनं?"

सासूबाई ऐसपैस बसल्या. पदर सारखा केला.

"काय नाय. तिथनं काय आणायचं नसतं. आमच्या सुनेचं रान हाय ते," आणि सगळ्यांकडं एकदा बघून, मान ताठ करून म्हणाल्या, "मला पण नाय देत!"