ढोलक त्याची, नियम माझा

कृपाचा फोन आला तेव्हा मी चर्चच्या ऑफिसात बसून येत्या रविवारच्या सूचना लिहीत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. कृपा म्हणजे माझा मित्र शांतवन याची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि शेवटची तीन वर्षं शांतवनही तिच्याचकडे राहत होता. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की चहा पिऊन कप खाली ठेवला आणि गेले, त्रास काहीच झाला नाही, दुपारी अमरावतीला आणतो, आईच्या कबरीशेजारी जागा आहे ना ते बघून ठेवा. मी चर्चच्या मंडळीचा सचिव. जागा बघणं, घंटा वाजवायला सांगणं, पाळकांना कळवणं ही सगळी माझीच कामं. 'आपले प्रिय बंधू प्रभूमध्ये झोपी गेले' हे वाक्य मी आजवर कितीदा लिहिलं असेल, हात आपोआप चालतो. त्या दिवशी 'प्रिय' हा शब्द लिहिला आणि हात थांबला. मी तो शब्द लिहायच्या लायकीचा होतो का, हाच प्रश्न होता. पाच आठवडे झाले, उत्तर मिळालेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं मिशनच्या वसतिगृहात एकत्र वाढलो. तो अंजनगाव सुर्जीकडचा, मी नांदगाव खंडेश्वरचा. मी अभ्यासात बरा, पुढे गणिताचा मास्तर झालो. तो मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. पण त्याचे हात देवानं औषधाच्या पुड्या बांधायला दिलेले नव्हते. तेराव्या-चौदाव्या वर्षीच तो चर्चमध्ये ढोलक वाजवायला बसला आणि पुढची चाळीस वर्षं उठला नाही. गाणं कितीही रडत-रखडत सुरू होवो, शांतवनचा हात पडला की म्हाताऱ्यांचीही मान डोलायला लागायची. एकदा तरुणांच्या शिबिराला आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. धुकं इतकं की शेजारचा दिसेना, आणि पाळकांचं प्रवचन काही संपेना. शांतवननं 'आमेन' म्हटल्या म्हटल्या ढोलक धरली ती जेवणाची घंटा होईपर्यंत सोडली नाही. मी गायला लागलो तेव्हा मात्र म्हणाला, "सद्या, तू फक्त टाळ्या वाजव लेका, अन् त्याबी हळूच." माझं नाव सदानंद. जगात मला सद्या म्हणणारा तो एकटाच उरला होता.

आता मी केलेल्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीचा एक हॉल आहे, चर्चला लागून. लग्न लागलं की रिसेप्शन तिथेच होतं. तो मागायच्या अर्जावर खाली एक ओळ आहे: 'हॉलमध्ये वाद्य, नाच व मद्य यांस परवानगी नाही.' ती ओळ मी घातलेली. प्रार्थना करा, केक कापा, दोन गीतं म्हणा, जेवा आणि घरी जा. लोक मला मागे कोरडा मास्तर म्हणत, मला माहीत होतं. पण माझ्यापाशी कारण होतं. माझे आजोबा गावात लोकांच्या लग्नात डफडं वाजवायचे. मांडवाच्या बाहेर, उन्हात उभं राहून. पंगत उठल्यावर उरलेलं मिळायचं. ते प्रभूकडे आले त्या दिवशी त्यांनी डफडं खुंटीला टांगलं. माझे वडील हे सांगताना दर वेळी रडायचे. "आपल्या हातातलं डफडं प्रभूनं सोडवलं, आता आपल्या मांडवात ते नाही येऊ द्याचं," म्हणायचे. शांतवनच्या घरची कथाही तीच, फक्त गाव वेगळं. उपासनेत ढोलक वाजायची ती देवासाठी, लग्नात वाजेल ती नाचण्यासाठी, असा मी मनाशी फरक केला होता. मला तो फार शहाणपणाचा वाटायचा.

कृपाचं लग्न ठरलं तेव्हा तिची आई लीला जाऊन वर्ष झालं होतं. शांतवन अर्ज घेऊन आला, समोर बसला, आणि त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. कृपा लहानपणापासून त्याच्या ढोलकीवर नाचायची, घरातल्या घरात. लीला भाकऱ्या थापता थापता बघायची. लीलाची एकच इच्छा होती... पोरीच्या लग्नात बापानं वाजवावं आणि पोरीनं मनमोकळं नाचावं. एक गाणं, दहा मिनिटं. डीजे नको, दारू नको.

"नियम आहे शांतवन," मी म्हणालो.

"रविवारी वाजवली त भक्ती अन् शनिवारी वाजवली त पाप? ढोलक तीच, हात तेच. अन् बायबलात प्रभू स्वतः लग्नाले गेला होता ना? का दारातूनच आशीर्वाद देऊन वापस आला?"

मी त्याला आजोबांचं डफडं ऐकवलं. जसं काही त्याला ते ठाऊकच नव्हतं! त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सद्या, दुसऱ्याच्या मांडवात वाजवलं ते बिगार होतं. माह्या पोरीच्या मांडवात मी वाजवीन, त ते बिगार कसं होईन? माह्या आज्याले हे भेटलं नाही. मले भेटून राहिलं, त तू आडवा येतं."

उत्तर नसलं की माणूस नियम पुढे करतो. मी म्हणालो, तुझ्यासाठी वाकवला तर उद्या सगळ्यांसाठी वाकवावा लागेल. फारच हौस असेल तर बाहेर लॉन घे. तो म्हणाला, "माहं अन् लीलाचं रिसेप्शन याच हॉलमंधी झालं. मी काहून दुसरीकडे जाऊ?" आणि त्यानं सही केली. शांतवननं शब्द दिला की दिला. कुणी दुसरा असता तर वाजवून मोकळा झाला असता, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर मी चार दिवस रागावून पाचव्या दिवशी हसलो असतो. त्यानं वाजवलं नाही, हेच माझ्या वाट्याला आलं.

ते रिसेप्शन मला विसरता येत नाही. अकोल्याची नवऱ्याकडची माणसं रांगेत खुर्च्यांवर बसली होती, कुणाच्या सांत्वनाला आल्यासारखी. पंख्यांचा आवाज आणि ताटांचा आवाज, बाकी काही नाही. नवऱ्याच्या आत्यानं विचारलंही, "काहून हो, घरात कोनाचं काही झालं काय?" कृपा स्टेजवर मान खाली घालून बसली होती. शांतवन मटण वाढा, बुंदी वाढा म्हणत सगळीकडे फिरला, पण संध्याकाळभर दोन्ही हात पाठीमागे धरून. पोरगी निरोप घेऊन गाडीत बसली तेव्हा कुठे त्यानं ते सोडले, तिच्या डोक्यावर ठेवायला. मी बाजूलाच उभा होतो. मला वाटलं, नियम पाळला गेला, मंडळीसमोर चांगला पायंडा पडला... किती हा माझा मूर्खपणा.

दुसऱ्या रविवारी शांतवन आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्याची ढोलकीजवळची जागा मोकळी. मी विचारलं तर म्हणाला, हात दुखतात. पुढच्या रविवारीही हात दुखतच होते. मग एका नवशिक्या पोराला बसवलं. त्याचा ताल चुकला की सगळे मागे वळून बघायचे, आणि शांतवन गीतांच्या पुस्तकात डोकं घालायचा. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं. पण तो 'कसा आहे?' विचारायचा, मी 'बरा आहे' म्हणायचो, आणि आमची चाळीस वर्षांची मैत्री त्या दोन वाक्यांवर आली. वर्षभरानं घराला कुलूप लावून तो अकोल्याला लेकीकडे गेला. मी त्याला निरोप द्यायला गेलो नाही. चर्चच्या रंगरंगोटीचं काम निघालं होतं, हे तेव्हा मला कारण वाटलं.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं, अकोल्यातच. मुलीकडच्यांनी मोठं लॉन घेतलं होतं आणि मला न विचारता डीजे लावला होता. मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, आजच्या दिवस राहू द्या." आणि मी राहू दिलं! नव्या सुनेनं हात धरून ओढलं, लोकांनी गराडा घातला, आणि मी, त्या ओळीचा कर्ता, हात वर करून नाचलो. चार पावलं का होईना, नाचलो. आणि मला आनंदही झाला, तो का लपवू? वळलो तर समोर खुर्चीवर शांतवन बसलेला. लग्नाला तो येईल असं वाटलंच नव्हतं. तो उठला, जवळ आला आणि माझा घाम आलेला हात हातात घेऊन म्हणाला, "चांगला नाचला बे, सद्या." त्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला, तेव्हाही आणि नंतरही. टोमणा असता तर सुटलो असतो. मला तिथेच म्हणता आलं असतं की माझं चुकलं. तेवढेच दोन शब्द. मी म्हणालो, "जेवून जा." आमची ती शेवटची भेट.

दफनाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे गाणी म्हणत आम्ही त्याला नेलं. कब्रस्तानाच्या फाटकाशी सगळे थांबले, ढोलकीवाल्या पोरानं माझ्याकडे बघितलं, आणि मी सवयीनं हात केला, कर सुरू. ढोलक वाजायला लागली आणि कृपानं माझ्याकडे पाहिलं. रडून तिचे डोळे सुजले होते. तेव्हा मला कळलं... मेल्यावर वाजवायला आमच्यात कधीच मनाई नव्हती. ज्या हातानं मी तिच्या लग्नात ढोलक अडवली, त्याच हातानं तिच्या बापाच्या मातीला सुरू करायला सांगितली. त्या क्षणी जमीन फाटून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ती ओळ काढायचा ठराव मांडला. कुणी विरोध केला नाही. एकजण तर म्हणाला, आम्हाला वाटायचं तुम्हीच ऐकणार नाही. ठरावाची प्रत खिशात घालून मी मागच्या आठवड्यात बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला कृपाकडे गेलो. तिनं मला आतल्या खोलीत बसवलं. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती. मी तिच्यावर बसायला गेलो तेव्हा कृपा म्हणाली, "बसा काका, बाबाची आहे." खुर्चीचे दोन्ही हात पुढच्या बाजूला झिजले होते. पॉलिश पार उडालेलं, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. उजवीकडे जास्त, डावीकडे थोडं कमी.

"रोज संध्याकाळी सहा वाजता वाजवत," कृपा म्हणाली. "अगदी हळू. मी सैपाकघरात असली की त्याइले वाटे मले आयकू येत नाही. एकच गानं वाजवत, काका. आई मले ज्याच्यावर नाचवे ते. एक दिवस मी म्हटलं, बाबा, वाजवा न जोरात, मी नाचतो. त हात मांडीवर ठेवले अन् म्हनले, नाही मा, सही केली आहे."

मी ठरावाचा कागद काढून तिच्या हातात दिला. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते. मग तिनं घडी घातली, माझ्याकडे न बघता ती खुर्चीच्या हातावर ठेवली.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "मंग आता वाजवन कोन, काका?"

तिनं चहा आणला. सहा वाजून गेले तरी आम्ही दोघं तिथेच बसून होतो.