आसावरीचा डावा पाय

माझे सासरे यादवराव पुण्याच्या रेसकोर्सवर एकतीस वर्षं मोतद्दार होते. म्हणजे लोकांच्या घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचं, आणि घोडा जिंकला की फोटोच्या चौकटीबाहेर उभं राहायचं. हा टोमणा माझा. ते स्वतः कधी तक्रार करत नाहीत, त्याचाच मला राग येतो.

गेली तीन वर्षं सप्टेंबर ते नोव्हेंबर, व्हिसाचे नव्वद दिवस, ते आमच्याकडे अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला यायचे. पहिल्या वर्षी सातव्या मजल्यावर कंटाळून गेले होते. मग माझ्या मुलीने, समताने, त्यांना लॅपटॉपवर जपानमधल्या शर्यती लावून दिल्या. तिथली दुपार म्हणजे आमची रविवारची सकाळ. त्या दिवशी असागिरी नावाची दोन वर्षांची करडी घोडी पहिल्यांदाच धावत होती.

"आसावरी," बाबा म्हणाले.

"असागिरी, ओपा!" समताला मराठी कळतं, पण ती बोलते डचमध्ये; ओपा म्हणजे आजोबा.

बाबांनी आसावरीच ठेवलं. घोडी सगळ्यांना मागे टाकून जिंकली, आणि घरात एक माणूस वाढलं.

पुढच्या वर्षी तिने फिलींच्या, म्हणजे तरुण घोड्यांमधल्या माद्यांच्या, तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. जपान वेडा झाला, समताने तिचं कापडी खेळणं मागवलं. बाबांना मात्र शर्यतीपेक्षा आधीचा पॅडक महत्त्वाचा. तिथे घोडे नुसते चालवून दाखवतात. "पळताना सगळेच शूर असतात," ते म्हणायचे. "चालताना बघ."

तिसऱ्या वर्षी ती टोकियोच्या मोठ्या शर्यतीत नरांविरुद्ध उतरणार होती. त्याआधी तीन आठवडे एक शर्यत ती सहज जिंकली. पण पॅडक बघताना बाबा ताठ बसले. "डावा पुढचा आखडतोय."

आम्हाला काही दिसेना. तीनदा मागे नेऊन पाहिलं, तरी नाही. त्या दुपारी त्यांनी मला ते सांगितलं, जे मुलालाही सांगितलं नव्हतं. एका घोड्याबद्दल त्यांनी ट्रेनरला असंच म्हटलं होतं. ट्रेनर म्हणाला, तू पाणी पाज, अक्कल शिकवू नकोस. वळणावर घोड्याचा पाय मोडला. पडदे लावून त्याला संपवलं, तेव्हा त्याचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं.

"तेव्हा तोंडी सांगितलं होतं. आता लेखी कळव, शैला."

समताने तबेल्याचा ईमेल पत्ता शोधला. बाबा सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले. कोणता पाय, कितव्या पावलाला, सगळं. मग मी स्वयंपाकाला उठले.

"पाठवलं?" त्यांनी रात्री जेवताना विचारलं.

"पाठवलं, बाबा."

नव्हतं पाठवलं. ऑफिसात मी वीस जणांची टीम सांभाळते. पुण्याचा निवृत्त मोतद्दार जपानच्या नामांकित ट्रेनरला घोडा शिकवतोय, खाली माझं नाव. हसतील, असं वाटलं. मेल ड्राफ्टमध्येच राहिला.

टोकियोच्या शर्यतीत ती शेवटच्या वळणावर चौथी होती. मग एकदम खचली. जॉकी उतरला, माणसं धावली, पडदे लागले. बाबा उभे राहिले ते बसलेच नाहीत. दुपारी बातमी आली, वाचवता आलं नाही. समता खेळणं छातीशी धरून रडत होती. मला रडायचीही लाज वाटली.

संध्याकाळी मी धीर करून त्यांच्याजवळ गेले. "बाबा, तो मेल..."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. त्यांनी ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार? पण माझं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहून पाठवलं."

मी चहा ठेवायला आत गेले.

आता ते पुण्यात आहेत. यंदा येणार नाहीत, गुडघे साथ देत नाहीत म्हणतात. शर्यती बघत नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉल केला की शेजारच्या कुणाला तरी ओढून फोनसमोर बसवतात. "ही माझी सून. हिने जपानला पत्र धाडलं होतं."

"जय भीम, काका," मी म्हणते. "हो, मीच पाठवलं होतं."