सालीवरचं बिऱ्हाड

झरी गावची मालू नवरा गेल्यावर डहाणूजवळच्या एका चिकूवाडीत राखणीला आली आणि वाडीतल्याच झोपडीत बारा वर्षं राहिली. दुसरं घर तिला नव्हतं. चिकूच्या खोडांवर राखाडी-हिरव्या चकत्या उठत. वाडीचे मालक शेठ त्यांना झाडाचं गजकर्ण म्हणत, आणि शेठ एकदा बोलले की वाडीत ते ब्रह्मवाक्य.

२०१६च्या हिवाळ्यात कॉलेजातल्या कल्पिता मॅडम भिंग घेऊन वाडीत आल्या. खोडाला नाक लावून तासन्‌तास उभी राहणारी बाई मालू पहिल्यांदाच बघत होती. तिला हसू आवरेना.

"हा रोग नाही, मालूताई," मॅडम म्हणाल्या. "हे दगडफुलाच्या जातीचं आहे. सालीवर वाढणाऱ्याला कॉर्टिकोलस म्हणतात. लॅटिन भाषेत कॉर्टेक्स म्हणजे साल आणि कोलेरे म्हणजे राहणं. सालीवर राहणारं. झाडाचं काही खात नाही, नुसतं राहतं."

"मंग जगतं कशावर?"

"ऊन आणि हवेतला ओलावा. आपलं आपण करून खातं."

मालूला ते फार आवडलं. चकत्यांची वाढ दरवर्षी येऊन मोजायची म्हणून मॅडमनी वीस झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकले आणि ती खोडं खरवडू नका, एवढं सांगून गेल्या. मालूने तो शब्द जिवापाड जपला.

२०१८मध्ये चिकूच्या कळ्या गळाल्या. कळीत अळी होती. मालूने ती तळहातावर धरून शेठना दाखवली, पण त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"हे गजकर्ण तू वाढू दिलंस. सगळं खरवड, चुना मार. नाय तर झोपडी सोड."

"शेठ, ते झाडाला खात नाय. निस्तं राहतं."

"तू कधीपासून मॅडम झालीस?"

आता या बाईने करावं तरी काय? जायचं कुठे? कोयत्याच्या पाठीने तिने बिल्ल्यांची वीस धरून सगळी खोडं खरवडली आणि चुना मारला. मॅडमनी दोन वर्षांत जेमतेम नखाएवढी वाढ मोजली होती. कोयत्याला दोन फटके पुरले. चुन्याचे हात तसेच ठेवून मालू झाडाखाली बसली आणि पोटभर रडली.

पुढच्या वर्षी कळ्या पुन्हा गळाल्या. शेठ वाडीभर फिरले. खोडं पांढरीशुभ्र होती, दोष द्यायला त्यांच्यावर काहीच उरलं नव्हतं. मालू हातात झाडू घेऊन समोर उभी होती. शेठनी तिला आठवड्याच्या आत झोपडी रिकामी करायला सांगितलं.